वर्ग छोटा आहे म्हणून रडू नका, पोरांना विचारा तरी!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याच पेपरात एका वाचकानं लिहिलं होतं की सोलापुरातल्या कॉलेजांतली आर्ट्स साइड आता बंदच करून टाका, वर्गात काळं कुत्रं येत नाही, त्यापेक्षा त्या खोल्यांत कसले तरी कोर्स काढा म्हणजे पोरं कामाला तरी लागतील. पत्र लिहिणाऱ्याचा राग मला कळतो, खोटं कशाला बोलू, माझी मुलगी इथल्याच एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे आणि तिच्या वर्गात हजेरीपटावर साठ नावं असून रोज येतात नऊ, त्यात मुलं दोन, आणि त्या दोघांतला एक डबा खाऊन झाला की गायब होतो. पण वर्गात नऊच जण बसतात म्हणून तो बंद करा हे मला पटत नाही, कारण वर्गात मोजकी पोरं असावीत म्हणून जगात काही ठिकाणी लोक मुद्दाम पैसे मोजतात. कुठलीतरी ऐकीव गोष्ट नाही सांगत, आमच्या घरातच घडलंय म्हणून लिहितोय, पत्र जरा लांबेल, कापायचं तिथं कापा.

माझा भाचा, म्हणजे थोरल्या ताईचा मुलगा, अमेरिकेत इंडियाना राज्यात क्रॉफर्ड्सव्हिल नावाच्या गावात वॉबॅश कॉलेज आहे तिथं शिकला. गेल्या वर्षी पास होऊन बाहेर पडला. दाजींचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ लूम, म्हणजे आम्ही काही अमेरिकेला पोरं पाठवणाऱ्यातले नाही, पोरानं स्वतःच अर्ज केले, स्कॉलरशिप मिळवली, आणि उरलेल्याचं लोन दाजींच्या डोक्यावर आहे. कॉलेजचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाजी म्हणाले, 'वाबास? शाबास सारखं? बोगस तर नाही ना बे ते?' तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव शाबास कॉलेजच पडलं. बोगस नव्हतं. १८३२ साली स्थापन झालेलं आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही पंचवीस वर्षं आधीचं, आणि अजून तिथं सगळी मिळून नऊशेच्या आत-बाहेर पोरं. इतकीच. आपल्याकडं एखाद्या ज्युनिअर कॉलेजच्या नुसत्या सायन्सला एवढी असतात.

आणि पोरं म्हणजे फक्त पोरंच बरं का. मुलींना ॲडमिशनच नाही. हे कळल्यावर ताईला बरं वाटलं आणि मला विचित्र. मुलींची कॉलेजं आपल्याला माहीत आहेत, कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं ते का काढलं हेही माहीत आहे, पण ज्यांना सगळीकडं दार उघडंच होतं त्या मुलग्यांसाठी वेगळं कॉलेज कशाला? भाच्यानं सांगितलं की मामा, पूर्वी तिकडं अशी बरीच होती, येल आणि प्रिन्स्टनसुद्धा १९६९ पर्यंत पदवीला मुली घेत नव्हते, मग एकेक करून सगळ्यांनी दारं उघडली आणि आता असली जुन्या वळणाची मोजकीच उरलीत, आमचं एक, व्हर्जिनियातलं हॅम्पडेन-सिडनी एक आणि अटलांटातलं मोरहाउस, जिथून मार्टिन ल्यूथर किंग १९४८ साली पदवी घेऊन बाहेर पडले. माझ्या मुलीनं मात्र भलताच प्रश्न विचारला, 'मुली नाहीत तर वर्गात उत्तरं कोण देतं?' आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर आहे, इथं तिच्या वर्गात हात वर करतात त्या सगळ्या मुलीच.

त्याचं उत्तर भाच्यानं दिलं ते असं, की द्यावंच लागतं, लपायला जागाच नाही. पहिल्या वर्षी पहिल्याच सेमिस्टरला पंधरा-सोळा पोरांचा एक वर्ग असतो, विषय त्या प्रोफेसरच्या आवडीचा, आणि गोल बसून बोलायचं. दुसऱ्या सेमिस्टरला सगळ्या पहिल्या वर्षाला एक कॉमन पेपर, त्यात माणसाला कायम पडत आलेले प्रश्न, न्याय म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, मरण म्हणजे काय, असलं सगळं वाचायचं आणि त्यावर भांडायचं, मग तुझा मेजर, म्हणजे मुख्य विषय, केमिस्ट्री असो का इकॉनॉमिक्स. असल्या शिक्षणाला तिकडं लिबरल आर्ट्स म्हणतात, आणि ते म्हणजे चित्रकला असं दाजींना दोन वर्षं वाटत होतं. तसं नाही ते, सायन्सवालाही तिथं इतिहास वाचतो आणि इतिहासवालाही लॅबमध्ये जातो, एवढाच अर्थ. आपल्याकडं नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर म्हणजे जोडीचा विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय असं जे आणलंय ना, त्याचं मूळ साधारण असल्याच कॉलेजांत आहे, फक्त आपल्याकडं ते फॉर्म भरताना दिसतं आणि नंतर वर्गात दिसत नाही. माझ्या मुलीनं ओपन इलेक्टिव्ह घेतलंय, कुठलं घेतलंय ते तिला मोबाईल उघडून बघावं लागलं.

एक सांगतो, तिथं विद्यार्थ्यांसाठी नियम एकच आहे. खरंच एक. विद्यार्थ्यानं कॉलेजात आणि कॉलेजबाहेर कायम सभ्य माणसासारखं आणि जबाबदार नागरिकासारखं वागावं. बस. हे ऐकून मला आमचं होस्टेल आठवलं, नाव लिहीत नाही, पण तिथं जिन्यापाशी सत्तावीस नियमांचा पत्र्याचा बोर्ड होता आणि नियम क्रमांक नऊ 'खोलीत हीटर वापरू नये' असा होता आणि आम्ही सगळे बादलीत कॉइल टाकून अंघोळीचं पाणी तापवायचो, आणि पावसाळ्यात त्याच बोर्डावर चड्ड्या वाळत घालायचो. सत्तावीसमधला एकही नियम कुणी पाळल्याचं मला आठवत नाही. आता एका नियमानं तिकडची पोरं सगळी साधू होतात असं नाही. भाचा सांगायचा की निम्म्याहून जास्त पोरं फ्रॅटर्निटीत, म्हणजे पोरांच्याच क्लबांच्या घरांत राहतात, तिथं शनिवारी रात्री काय चालतं ते आईला सांगू नको म्हणून. आणि फुटबॉलचं, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचं, वेड तर विचारूच नका, शेजारच्या डिपॉ युनिव्हर्सिटीशी दरवर्षी मॅच होते, १८९० पासून खेळतायत, आणि १९३२ पासून जिंकणाऱ्याला बक्षीस काय तर रेल्वे इंजिनाची जुनी घंटा, जवळजवळ तीनशे पौंडाची. म्हणजे सव्वाशे किलोच्या वर! त्या घंटेसाठी म्हातारे माजी विद्यार्थी रडतात म्हणे. ताईला हसू आलं, पण मी म्हणलं हसू नको, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आपले लोक नंदीध्वज पेलतात तेव्हा तू पण रडतीस की.

पण मला जे सांगायचंय ते घंटेचं नाही, परीक्षेचं आहे.

त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक मोठी परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय पदवी नाही. दोन दिवस लेखी, आणि मग तोंडी. तोंडीला समोर तीन प्रोफेसर, एक तुझ्या मेजरचा, एक मायनरचा, आणि तिसरा कुठल्यातरी भलत्याच विषयाचा. तासभर. चार वर्षांत जे काय शिकलास त्यातलं काहीही विचारणार. भाच्याचा मेजर इकॉनॉमिक्स. त्याची तोंडी झाली तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली, ताई-दाजी आमच्याच घरी थांबलेले, आणि त्याचा फोन आला तर पोराचा आवाज बसलेला. आम्हाला वाटलं गेलं लोन पाण्यात. म्हणाला, पहिली वीस मिनिटं बरी गेली, थिअरी विचारली, आकृत्या काढल्या, आणि मग तो तिसरा, नाटक शिकवणारा म्हातारा प्रोफेसर, आतापर्यंत गप्प बसलेला, त्यानं विचारलं, तुझ्या वडलांच्या कारखान्यात टॉवेलची किंमत कोण ठरवतं?

पोरगा म्हणे मिनिटभर गप्प. चार वर्षं मागणी-पुरवठ्याचे ग्राफ काढले पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. मग बोलायला लागला. की वडील नाही ठरवत. सुताचा भाव वर जातो तेव्हा लगेच जातो, टॉवेलचा भाव वाढवायचा म्हणलं की व्यापारी म्हणतो बाहेरचा माल याच्यापेक्षा स्वस्त पडतो, कामगाराला नगावर पैसे मिळतात त्यामुळं लाइट गेली की त्याचाही दिवस गेला, आणि आमच्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय पण ते लेबल लावून जादा भाव देणारं गिऱ्हाईक आमच्या दारात आजपर्यंत आलेलं नाही. तो म्हातारा विचारत गेला, मग तुझे वडील धंदा बंद का करत नाहीत? हा म्हणाला, कारण आठ लूमवर जी माणसं आहेत त्यातल्या तिघांचे वडील माझ्या आजोबांकडं कामाला होते. यावर मेजरवाला प्रोफेसर म्हणाला, हे तुझ्या कुठल्या मॉडेलमध्ये बसतं ते सांग. आणि उरलेला सगळा वेळ त्यावरच गेला.

स्पीकर चालू होता. दाजी जे इतका वेळ पायावर पाय टाकून बसले होते ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, 'नाटकाचा मास्तर आणि टॉवेलचं विचारतो, हुशार दिसतंय गडी.' पोरगा पास झाला हे आम्हाला नंतर कळलं, त्या रात्री ते कुणी विचारलंच नाही.

आता मी माझं सांगतो. मी १९९३ ला बी.ए. झालो, राज्यशास्त्र. सोलापूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते २००४ ला झालं, आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. तीन वर्षांत मला एकाही परीक्षेत कुणी तोंडी एक प्रश्न विचारला नाही. गाईड आणायचं, अपेक्षित प्रश्न पाठ करायचे, तीन तास हात दुखेपर्यंत खरडायचं, पुरवण्या जोडायच्या, आणि निकाल पेपरात बघायचा. पण त्या तीन वर्षांतला एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. जुलै महिना, सकाळपासून पाऊस (सोलापुरात पाऊस, म्हणजे बघा किती दुर्मिळ योग), वर्गात आम्ही चौघं. सर आले, चौघांकडं बघितलं, आम्हाला वाटलं आता सुट्टी. सरांनी कँटीनमधून पाच कटिंग मागवले, प्लॅटफॉर्मवरून खाली उतरून आमच्या पुढच्या बाकावर उलटे बसले आणि विचारलं, 'सोलापुरात मार्शल लॉ का लागला रे?' मी पाठ केलेलं म्हणालो, सर १९३० ला, गांधीजींना अटक झाली म्हणून. सर म्हणाले, गांधीजींना अटक झाल्यावर सगळ्या देशात लोक चिडले, मग मार्शल लॉ सोलापुरातच का? पुस्तकात नाही ते. घरी कुणी म्हातारं आहे का, त्याला विचार आणि उद्या सांग.

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, तीस साली ते बारा वर्षांचे. त्या रात्री मी त्यांच्यापाशी पहिल्यांदा असा बसलो असेन. त्यांनी गिरणीतले लोक कसे रस्त्यावर आले ते सांगितलं, पोलीस कसे गायब झाले ते सांगितलं, नंतर लष्कर आलं तेव्हा गांधी टोपी दिसली की पकडायचे म्हणून त्यांच्या आईनं घरातल्या टोप्या भाकरीच्या टोपलीत खाली दडवल्या आणि वर कडक भाकरी रचल्या ते सांगितलं, आणि १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिल्याची बातमी गल्लीत आली तेव्हा कुणाच्याच घरात चूल पेटली नाही हेही सांगितलं. हुतात्मा चौकातनं मी रोज सायकलवर जात होतो की हो, पुतळे बघत होतो. पण टोपल्यातल्या टोप्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या, कारण मी विचारलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं कारण मला कुणी विचारायला लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, माझं बोलणं, एका प्रोफेसरनं! परीक्षेत तो प्रश्न आला नाही आणि मार्क पडले ४८.

तर साहेब, आर्ट्सचे वर्ग छोटे झालेत हे खरं आहे. पण अमेरिकेतला तो वर्ग छोटा आहे कारण तो छोटाच ठेवलाय, आणि आपला छोटा आहे कारण बाकीची पोरं आलीच नाहीत. ती कुठं आहेत ते सगळ्या सोलापूरला माहीत आहे. पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळतायत, दिवसा पार्सलच्या पिशव्या घेऊन गाडीवर फिरतायत नाहीतर मेडिकलच्या काउंटरला उभी आहेत, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत. ही अभ्यासिकेची भानगड तर बघण्यासारखी आहे. एक खुर्ची, एक प्लायवूडचा खोका, एक प्लग, वायफाय आणि बाटली ठेवायला जागा, त्याचे महिन्याला पैसे भरतात पोरं, आणि तिथं रात्री अकरापर्यंत मान खाली घालून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचतात. म्हणजे पोरांना बसायचं नाही असं नाही, वाचायचं नाही असंही नाही. पण ज्या कॉलेजात त्यांचं नाव आहे त्या कॉलेजची लायब्ररी पाचला कुलूप लावते आणि पुस्तक हवं असेल तर जाळीच्या खिडकीतनं चिठ्ठी सरकवावी लागते, कपाटापाशी जायला बंदी. मग तो खोक्यातच बसणार की. आणि खोक्यात बसून बसून त्याचं बोलणंच बंद होतं. मी बँकेत होतो, व्हीआरएस घेण्याआधी काही वर्षं नवीन भरती झालेल्यांना काम शिकवायला मला बसवायचे, लेखी परीक्षेत पहिला आलेला पोरगा, समोर शेतकरी येऊन विचारतो की माझं व्याज एवढं कसं झालं आणि याला दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत, कॉम्प्युटरकडं बघत राहतो. चूक त्याची नाही. त्याला आयुष्यात कुणी 'का' विचारलंच नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक पोराची आणि पोरीची अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा घ्या. समोर तीन माणसं, एक त्याच्या विषयाचा, एक दुसऱ्या विषयाचा, आणि एक बाहेरचा. विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघू नका, मार्क देऊ नका पाहिजे तर, कॉलेजपुरतंच करा. हिशेब करून बघा, एका विषयाला शेवटच्या वर्षाला खरोखर येणारी किती, वीस? वीस जणांना अर्धा-अर्धा तास म्हणजे दहा तास. दोन दिवसांचं काम. गॅदरिंगला आपण यापेक्षा जास्त दिवस घालवतो आणि त्यातला निम्मा वेळ माइक टेस्टिंगमध्ये जातो.

लगेच कुणीतरी म्हणेल, माणसं कुठायत. हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्यावर मला प्राध्यापकांवर राग काढायचा नाही. तिकडं साधारण दहा पोरांमागं एक प्रोफेसर आहे, इकडं जागा रिकाम्या आणि शिकवतंय कोण तर तासिका तत्त्वावरची मंडळी, सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग गाडीला किक मारून दुसरीकडं, पैसे तासाचे आणि ते पण कधी मिळतील ते सिद्धेश्वर महाराजांनाच ठाऊक. अशा माणसाला फुकट तोंडी घ्या म्हणायला तोंड पाहिजे. त्याला त्याच्या तासांचे पैसे द्या, संस्थेनं द्या. आणि तिसरी खुर्ची बाहेरच्याला द्या म्हणतोय ते त्यासाठीच. या गावात रिटायर्ड मास्तर आहेत, वकील आहेत, कारखानदार आहेत, बिडी कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्य घातलेली माणसं आहेत, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि कामावर मराठी बोलणाऱ्या आज्या आहेत ज्यांना भाषाशास्त्राच्या पोरानं विचारायला पाहिजे आणि ज्यांनी त्याला विचारायला पाहिजे. दाजींना मी विचारलं, येशील का म्हणून. आधी म्हणाले मी दहावी नापास, मला कशाला. मग दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, 'प्रश्न आधी लिहून द्यावे लागतात का?'

हा, आणि एक विनंती. कुणी हे मनावर घेतलंच तर त्याचा नॅकच्या मूल्यांकनासाठी इव्हेंट करू नका, फ्लेक्स नको, दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ तर अजिबातच नको, अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्यातच जातात. एक टेबल, चार खुर्च्या आणि दार लोटलेलं, बाकी काही लागत नाही.

फक्त मुलांचंच कॉलेज काढा असं मी म्हणत नाही हे स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या माझी मुलगीच तुम्हाला दुसरं पत्र पाठवेल. तिनं हे सगळं वाचून मला विचारलं की बाबा, तुम्ही तिसऱ्या खुर्चीवर बसलात तर मला काय विचाराल. मी म्हणलं, ओपन इलेक्टिव्ह कुठलं घेतलंस ते विचारीन. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी स्वतः यायला तयार आहे, मानधन नको, चहा चालेल. कुठल्याही वारी, कुठल्याही वेळेला बोलवा. फक्त आमच्या भागात नळाला पाणी यायचा दिवस असेल तर सकाळी अकराच्या आधी जमणार नाही.

आपला,
साखर पेठेतला एक जुना वाचक, सोलापूर